नसलेल्या गोळीचं वजन

रात्री पावणेअकराला दारावर ठक् झालं. उठून दार उघडलं तर बाहेर कोणी नाही. जिन्यातला दिवा फडफडत होता आणि वरच्या मजल्यावरचं मांजर आमच्या पायपुसण्यावर झोपलं होतं. परत येऊन आडवा झालो, तर पुन्हा ठक्. तिसऱ्यांदा उठायला लागलो तेव्हा बायको कुशीवर वळत म्हणाली, "शेजारच्या काकांना फुकटचा डाव मिळाला असेल. झोप आता."

शेजारचे काका हे खटपट्या आहेत. हरहुन्नरी माणूस काम पुरं करतो आणि कौतुक घेऊन घरी जातो. उपद्व्यापी माणूस दुसऱ्याचं काम बिघडवून घरी जातो. खटपट्या या दोघांच्या मध्ये स्टूल टाकून बसलेला असतो आणि घरी जातच नाही, कारण पसारा त्याच्या घरातच असतो. ही जात सगळ्या महाराष्ट्रात सापडते, पण पुण्याचं पाणी तिला विशेष मानवतं. एका माणसानं दिवे आणि अडकित्ते जमवत जावं आणि त्याचं केळकर संग्रहालय व्हावं, हे याच गावात झालं. आमच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी छोट्या आगगाड्यांचं अख्खं गाव उभं केलं आणि १९९८ साली ते लोकांना खुलं केलं. काका तिथे दरवर्षी एकदा जातात, शंकराच्या देवळात जावं तसे. परत आले की दोन दिवस गप्प असतात. तिसऱ्या दिवशी ड्रिलचा आवाज सुरू होतो.

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, टेस्टर असतो. चष्मा दोरीला बांधलेला आणि दोरी मूळची कुठल्यातरी बोर्डाच्या वायरची. भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं त्यांनी पंपांच्या मोटरींचे स्टार्टर पॅनेल बनवले, त्यामुळे जगातल्या सगळ्या दुःखाचं कारण त्यांना सापडलेलं आहे. ते म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. मिक्सर बंद पडला, कॉन्टॅक्ट साफ करा. लिफ्ट अडकली, कॉन्टॅक्ट साफ करा. खालच्या मजल्यावरचा मुलगा आणि त्याची बायको एकमेकांशी बोलेनात, तेव्हाही काकांनी हेच निदान केलं होतं आणि मला वाटतं ते फारसं चुकलं नव्हतं.

वेळ मोजायचं त्यांचं परिमाण रविवार हे आहे. "दोन रविवारांचं काम आहे," असं ते पिनबॉलच्या यंत्राबद्दल म्हणाले त्याला आता एकशे दहा रविवार झाले. मी मोजले नाहीत, काकूंनी मोजले. त्या शाळेत गणित शिकवत होत्या.

पिनबॉलच का, असं मी एकदा विचारलं. चूक झाली. काकांनी मला बसवलं आणि थेट बॅगाटेलपासून सुरुवात केली. आपल्याकडे सुट्टीत पोरं खेळायची ती लाकडी पाटी, खिळे ठोकलेली, खिळ्यांच्या कुंपणात आकडे लिहिलेले, तळाशी दांडा ओढून गोळी उडवायची, तीच ही बॅगाटेल. वाड्यात काकांच्या थोरल्या भावाकडे एक होती आणि तो हात लावू देत नसे. तिची एक गोळी कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपाखाली गेली ती वाडा पडेपर्यंत सापडली नाही. हे सांगताना काकांचा आवाज जरा खाली आला. मग लगेच वर गेला, कारण १८७१ साल आलं. त्या साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं त्या दांड्याला स्प्रिंग लावायचं पेटंट घेतलं. पण गोळी एकदा सुटली की ती आणि तिचं नशीब. तिला परत वर मारणारे पंजे, ज्यांना फ्लिपर म्हणतात, ते यायला १९४७ उजाडलं. तोवर हा सगळा जुगारच, असं म्हणून न्यूयॉर्कच्या ला गार्डिया नावाच्या महापौरानं १९४२ मध्ये यंत्रांवर बंदी घातली आणि स्वतः हातोडा घेऊन ती फोडली. बंदी उठायला १९७६ साल लागलं.

"आणि ती कशी उठली माहितीये?" काका खुर्चीच्या कडेवर आले. "रॉजर शार्प नावाचा पोरगा. नगरसेवकांसमोर यंत्र मांडलं. म्हणाला, बघा, आता मी दांडा सोडतो आणि गोळी मधल्या गल्लीतून खाली येते. सोडला! आणि आली! तिथल्या तिथे बंदी खलास!" हे सगळं ते असं सांगत होते, की जणू सभा पुण्याच्या महापालिकेत भरली होती आणि काका गॅलरीत होते.

"मधल्या गल्लीतून गोळी गेली," आतून काकू म्हणाल्या, "आणि आपली एफडी कुठल्या गल्लीतून गेली, तेही सांगा त्याला."

ती एफडी विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून गेली. पण त्याआधी, काकांच्या यंत्रात नेमकं काय आहे ते सांगायला हवं, कारण यातली गंमत तिथेच आहे. खरं पिनबॉल म्हणजे उतरती फळी, तिच्यावर खांब, रबर, घंट्या आणि त्यांच्यामधून धावणारी २७ मिलिमीटरची पोलादी गोळी. वजन सुमारे ८० ग्रॅम. काकांचं यंत्र आभासी आहे. पेटी तशीच, चार पाय तसेच, कुशीला दोन बटणं तशीच. पण फळीच्या जागी आडवा झोपवलेला टीव्ही. मागच्या उभ्या खोक्यात दुसरा पडदा, पोटात संगणक. रँडी डेव्हिस नावाच्या माणसानं २००० साली 'व्हिज्युअल पिनबॉल' नावाचं सॉफ्टवेअर काढलं, ते फुकट मिळतं, आणि जगभरातले काकांचे भाऊबंद त्यात जुनी यंत्रं स्क्रूसकट पुन्हा रेखाटत बसलेले असतात. १९९२ सालचं 'अॅडम्स फॅमिली', ज्याची वीस हजारांहून जास्त यंत्रं खपली, तेही त्यात आहे. म्हणजे एका पेटीत शेकडो यंत्रं. फक्त गोळी नाही. गोळी पडद्यावर दिसते तेवढीच.

काकांचं दुःख हेच होतं. ऑफिसात विंडोज एक्सपीच्या काळात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉलचा खेळ खूप खेळला होता. तुम्हीही खेळला असाल, नाही म्हणू नका. तो खेळ विंडोज व्हिस्टापासून गायब झाला. का, तर मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसानं पुढे लिहून ठेवलंय, की ६४ बिटच्या संगणकावर नेताना त्या गोळीला काहीतरी झालं आणि ती भुतासारखी सगळ्यातून आरपार जायला लागली. दुरुस्त कोणाला करता येईना, म्हणून खेळच काढून टाकला. ही हकीगत काकांच्या मनाला लागली. जिला वजन नाही तिचं असंच व्हायचं, असं त्यांचं मत पडलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, गोळी नसली तरी चालेल, पण तिचं वजन पाहिजे.

नसलेल्या गोळीला वजन द्यायला काय लागतं? काकांच्या हिशोबानं स्टार्टर पॅनेलमधले सहा कॉन्टॅक्टर, एक चोवीस व्होल्टचा सप्लाय, एक रिक्षाची वायपर मोटर, एक ओळंबा आणि एक सॉलेनॉइड, जो नुसता लाकडावर ठोकतो. पडद्यावर गोळी डावीकडच्या खांबावर आपटली, की पेटीत डावीकडचा कॉन्टॅक्टर खाडकन ओढला जातो. खरा हादरा, खऱ्या लाकडाला, खऱ्या तळहातात. तीस वर्षं ज्या कॉन्टॅक्टरनी विहिरींचे पंप चालू-बंद केले, ते काकांनी आता अमेरिकेतल्या 'अॅडम्स फॅमिली'च्या भुताच्या घरावर कामाला लावले.

काकूंनी फोनवर बहिणीला सांगितलं, "ह्यांनी सहा कॉन्टॅक्टर आणून बसवलेत घरात." बहिणीनं ऐकलं कॉन्ट्रॅक्टर. "सहा? अगं, घराला एवढं झालंय तरी काय? आणि जेवायला असतात का?" संध्याकाळी ती डबा घेऊन आली.

वायपर मोटर जुन्या बाजारातली. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजारात काका जातात तेव्हा त्यांना काय हवंय ते माहीत नसतं. येताना मात्र ते सापडलेलं असतं. मोटरच्या दांड्याला एका बाजूला शिशाचा गोळा लावला, की ती फिरताना थडथडते आणि पेटी अंगात आल्यासारखी हलते. पहिल्या चाचणीला काकांनी घरात कोणाला सांगितलं नाही. काकूंचं माहेर कराडचं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्यांनी सहाव्या वर्षी आजीच्या कडेवर बसून अनुभवला होता. फडताळातली ताटं वाजायला लागली तशी त्यांनी गॅस बंद केला, देवाचा टाक पदरात बांधला आणि त्या खाली पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून तीन मजले उतरले. काका पंधरा मिनिटांनी खाली आले ते आनंदानं फुललेले. "कळलं ना तुम्हाला? म्हणजे बरोबर बसलीये."

पेटीचं लाकूडकाम वेगळं प्रकरण आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लायवुड कापून आणलं ते काकांच्या चेतकवरून, आणि मागे मी. साडेचार फुटांची बाजूची फळी मी छातीशी उभी धरली होती. म्हात्रे पुलावर जुलैचा वारा सुटला आणि चेतकला शीड फुटलं. काका ओरडत होते, "वाऱ्याकडे कड कर, कड!" आणि मी वाऱ्याकडे पाठ करून रामरक्षा म्हणत होतो. कोथरूडला पोचलो तेव्हा कळलं की दुसऱ्या बाजूची फळी अजून आणायचीय.

मिस्त्री आले. त्यांनी आधी विचारलं, "देव्हारा आहे का?" काकांनी नकाशा दाखवला. काका मिलिमीटरमध्ये बोलत होते, मिस्त्री सुतांत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. त्या 'आसपास'मध्ये टीव्ही अडकला. "काय काका, दोन सुताचा तर प्रश्न आहे," असं म्हणून मिस्त्रींनी रंधा काढला आणि काकांनी पेटीला मिठी मारली. मग उतार. खऱ्या यंत्राची फळी साडेसहा अंशांनी उतरती असते, नाहीतर गोळी खाली येणार कशी. काकांच्या यंत्रात गुरुत्वाकर्षणसुद्धा सॉफ्टवेअरमध्ये आहे. पेटी उलटी टांगली तरी गोळी खालीच येईल. तरीही साडेसहा अंश पाहिजे म्हणजे पाहिजे. पूर्ण दिवस खपून काकांनी पाय लावून घेतले आणि चहा सांगायला आत गेले. मिस्त्रींनी पाणसळ ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळालेला पाहून त्यांचा जीव हळहळला आणि त्यांनी प्रेमानं पुढच्या दोन पायांखाली फाचर मारली. काका बाहेर आले तेव्हा सगळं पाण्यासारखं सपाट होतं. मराठीत फाचर मारणे याचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला.

आता टीव्हीचं सांगतो, कारण त्यात माझं हित गुंतलेलं आहे. आमच्या ४३ इंची टीव्हीत मधूनच आवाज जायचा. काका म्हणाले, "दे इकडे, कॉन्टॅक्ट साफ करतो. एका रविवारचं काम." तुम्ही समजलात. मी मात्र पाच रविवार समजलो नाही. सहाव्या रविवारी गेलो तर आमचा टीव्ही चौकट काढलेल्या अवस्थेत पेटीत उताणा पडला होता आणि त्याच्यावर गोळी धावत होती. "आवाज परत आलाय बघ तुझ्या टीव्हीचा," काका म्हणाले. हे खरं होतं.

खटपट्याकडे दुरुस्तीला गेलेली वस्तू मरत नाही, तिला पुढचा जन्म मिळतो. त्या पेटीत नीट पाहिलं तर आमची निम्मी सोसायटी दिसते. गोळी उडवायचा दांडा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आहे. पुढचं नाणी टाकायचं दार म्हणजे कोणाचीतरी जुनी पत्रपेटी. आणि ओळंबा, टाकीच्या दुरुस्तीला आलेल्या गवंड्याचा, जो तो अजून शोधतोय. खेळणारे यंत्र हलवून गोळी वाचवतात, म्हणून हॅरी विल्यम्स नावाच्या माणसानं १९३०च्या दशकात पिनबॉलमध्ये 'टिल्ट' आणला. त्याचं पुढे रूढ झालेलं रूप म्हणजे लोखंडी कड्यात लोंबणारा ओळंबा. जास्त हलवलं की तो कड्याला टेकतो, सर्किट पुरं होतं आणि डाव बाद. आजकाल हे काम नखाएवढी चीप करते, मोबाइल आडवा केला की चित्र आडवं करणारी. काकांकडे ती चीप होती. पण ओळंब्याला जे वजन असतं ते चिपेला कुठून येणार?

पुणेरी पाट्यांवर विनोद करायचा नाही असं मी लिहायला बसताना ठरवलं होतं. पण पेटीच्या काचेवर काकांनी चिकटवलेली चिठ्ठी लपवणं वाचकांवर अन्याय होईल. "यंत्र हलवू नये. हलवल्यास डाव संपेल. न हलवल्यासही संपेल."

तर टीव्ही गेला. पण रिमोट माझ्याकडे राहिला, आणि हे माझ्या आयुष्यातलं एकमेव दूरदृष्टीचं कृत्य ठरलं. यंत्र सुरू झालं आणि काका कष्टी दिसायला लागले. बटण दाबलं की पंजा जरासा उशिरा उठे. डोळा मिटायच्या आतला उशीर, पण तेवढ्यात गोळी गटारात. "मी इथे दाबतो आणि हा चिंचवडला जाऊन विचारून येतो," काका म्हणायचे. सगळे कॉन्टॅक्ट साफ केले. दोनदा. मग त्यांना समजलं की टीव्ही चित्र सुंदर करत बसतो, त्यात वेळ जातो, आणि त्याला गेम मोडवर टाकलं की तो ही रंगरंगोटी सोडून देतो. हे करायला मेनू लागतो आणि मेनूला रिमोट. टीव्हीची बटणं चौकटीबरोबर गेली होती.

काका आमच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरी थाप मारली.

वाटाघाटी चहावर झाल्या. नवा टीव्ही मी मागितला नाही, तेवढं त्यांना झेपलं नसतं. रात्री दहानंतर ठोकायचं नाही, एवढंच मागितलं. काका म्हणाले, "फ्लिपर बंद ठेवतो, मोटर बंद ठेवतो. पण तो ठोका राहू दे. फुकटचा डाव मिळाला की खरं यंत्र एकदा ठोकतं. एकदाच. तेवढ्यासाठी तर खेळायचं." मी रिमोट दिला. आपण कुठे हरतोय ते मला दिसत होतं. पण माणसानं ऐंशी ग्रॅमसाठी दोन वर्षं घातली असतील तर दहाच्या नियमावर अडून बसायचं धैर्य लागतं. माझ्याकडे ते नाही.

एवढंच की ते फार छान खेळतात हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज केला. सेक्रेटरी कडक आहेत, गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांचे पतंग जप्त करतात. रविवारी सकाळी अकराला ते पाहणीला काकांकडे गेले. साडेअकराला भिंतीपलीकडून ठक् ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं काका प्रात्यक्षिक दाखवतायत. दीड वाजता सेक्रेटरींची बायको त्यांना जेवायला बोलवायला आली. अर्जावर शेरा आहे, "चौकशी चालू आहे." ती दर रविवारी अकराला चालू होते.

काकूंची गोष्ट वेगळी. त्या या यंत्राला कधी हात लावत नाहीत. त्याच्याकडे बघून त्या फक्त एवढंच म्हणतात की, "ह्यांची गोळी" आणि त्यात रक्तदाबाची आली की ही, ते आपण ओळखायचं. पण गेल्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि इडलीचं पीठ काही केल्या आंबेना. कांबळ्यात गुंडाळून झालं, ओव्हनमध्ये दिवा लावून झालं. एका शनिवारी रात्री पातेलं ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी ते यंत्रामागे ठेवलं, जिथे संगणकाचा पंखा गरम वारा फेकतो. काका त्या रात्री पावणेएकपर्यंत 'अॅडम्स फॅमिली' खेळत बसले होते. सकाळी पीठ पातेल्याबाहेर आलं होतं.

तेव्हापासून शनिवारी रात्री काका झोपायला उठले, की आतून आवाज येतो, "बसा अजून तासभर. उद्या इडल्या आहेत." इतक्या वर्षांत काकांना खटपट चालू ठेवायला घरातून मिळालेला हा पहिला हुकूम. मागच्या आठवड्यात त्यांनी पंख्यासमोर पातेल्याच्या मापाचं कडं बसवलंय. वारा चारी बाजूंनी सारखा लागावा म्हणून.

माझा अर्ज मी मागे घेतलेला नाही. शनिवारी रात्री ठक् झालं की मी आता दार उघडत नाही. रविवारी सकाळी साडेआठला होतं, तेव्हा उघडतो. डब्यात आठ इडल्या असतात, चटणी वेगळी.